उशीर लेखकाचा, रात्र चित्रकाराची

१.
दिवाळी अंक हाती आला की आपण अनुक्रमणिका पाहतो, लेखकांची नावे वाचतो, एखाद्या कथेपाशी थांबतो. त्या कथेच्या शिरोभागी एक चित्र असते. ते चित्र कुणी काढले, किती दिवसांत काढले, आणि काढताना त्या व्यक्तीच्या हाती संपूर्ण कथा तरी होती का, हे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. मलाही गेल्या वर्षापर्यंत पडले नव्हते. आजचा धागा त्या प्रश्नांविषयी आहे. त्यासाठी आपल्याला १८३६ च्या लंडनमध्ये जावे लागेल आणि तिथून मराठी दिवाळी अंकांकडे परतावे लागेल.

२.
प्रथम माझी कबुली. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी मी एक ऐतिहासिक कथा लिहिली. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा शोधनिबंध आणि कथा ही दोन्ही कामे एकाच वेळी अंगावर आल्यामुळे मी संपादकांकडे दोनदा मुदतवाढ मागितली. दोन्ही वेळा ती सौजन्याने मिळाली. अंक छपाईला जाण्याची तारीख मात्र तीच राहिली. मला मिळालेले अकरा दिवस आले कुठून, याचा विचार मी केला नाही. ते माझ्या मैत्रिणीच्या वाट्यातून आले होते. कथेची चित्रे तिच्याकडे होती. तिला मिळाल्या तीन रात्री.

३.
आता लंडन. फेब्रुवारी १८३६. रॉबर्ट सीमोर हा त्या काळचा नावाजलेला व्यंग्यचित्रकार. वय सदतीस-अडतीस. त्याच्या मनात एक चित्रमालिका होती: शिकार आणि मासेमारीचा षौक असलेले, पण त्यातले काहीच न जमणारे शहरी गृहस्थ, त्यांचा एक क्लब आणि त्यांची फजिती. 'चॅपमन अँड हॉल' या प्रकाशनसंस्थेला कल्पना पसंत पडली. चित्रांना जोडून थोडा मजकूर हवा होता. मजकूर लिहिण्यासाठी कुणी तरुण, स्वस्त आणि चपळ लेखक शोधणे एवढेच काम शिल्लक होते.

४.
विल्यम हॉल फर्निव्हल्स इन येथील एका भाड्याच्या खोलीत गेला. तिथे 'बॉझ' या टोपणनावाने वृत्तपत्रांत लेखन करणारा चोवीस वर्षांचा एक बातमीदार राहत असे. त्याचे नाव चार्ल्स डिकन्स. डिकन्सने काम स्वीकारले, पण एक अट घातली. चित्रांमागून मजकूर जाणार नाही, मजकुरातून चित्रे निघतील. पुढे १८४७ च्या प्रस्तावनेत त्याने हे स्वतःच सांगितले आहे. प्रकाशकांनी अट मान्य केली. ज्याच्या कल्पनेवर ही मालिका उभी होती, तो सीमोर त्या दिवसापासून दुसऱ्याच्या कथेचा चित्रकार झाला.

५.
इथे घाईने डिकन्सला खलनायक ठरवू नये. वाङ्मयीन दृष्टीने त्याचा आग्रह योग्यच होता. सीमोरची मूळ योजना तशीच राहिली असती, तर 'पिकविक पेपर्स' ही शिकारी विनोदांची एक साखळी होऊन दहा वर्षांत विसरली गेली असती. परंतु निर्णय योग्य असणे वेगळे आणि त्या निर्णयाची किंमत कुणी मोजली हे वेगळे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्हींची नोंद घ्यावी लागते.

६.
पिकविकचा चेहरा कुणाचा? सीमोरने प्रथम उंच, सडपातळ मनुष्य रेखाटला होता. प्रकाशक एडवर्ड चॅपमनने आपल्या ओळखीच्या, रिचमंडमध्ये राहणाऱ्या एका लठ्ठ गृहस्थांचे वर्णन केले. त्यावरून सीमोरने तो टक्कल पडलेला, चष्मा लावणारा, गोलमटोल पिकविक काढला. नाव आणि वाणी डिकन्सची, देहाची कल्पना प्रकाशकाची, आणि तो देह कागदावर उभा करणारी रेषा सीमोरची. जगप्रसिद्ध पात्र असे तीन माणसांच्या हातून घडले. मुखपृष्ठावर लेखकाचे श्रेय ठळक राहिले. बाकीच्या दोघांचा वाटा आज अभ्यासकांच्या टिपांत शोधावा लागतो.

७.
पहिला भाग मार्च १८३६ च्या अखेरीस निघाला. किंमत एक शिलिंग. चोवीस पाने मजकूर, चार चित्रे. चित्रे म्हणजे कागदावरचे रेखाटन नव्हे. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने उलटे चित्र कोरायचे, मग पत्रा आम्लात बुडवायचा. सुईने थर खरवडला असेल तिथेच आम्ल धातू खाते, आणि त्या खाचांत शाई भरून छाप घेतला जातो. या पद्धतीला एचिंग म्हणतात. शाईची चूक खोडून काढता येते. आम्लात गेलेली चूक दुरुस्त करणे फार कष्टाचे असते, आणि पुष्कळदा पत्रा नव्यानेच करावा लागतो. लेखकाने एक वाक्य बदलणे आणि चित्रकाराने एक हात बदलणे यांत हे अंतर होते.

८.
दुसऱ्या भागात डिकन्सने एक उपकथा घातली. मद्याने उद्ध्वस्त झालेल्या, मृत्युशय्येवर पडलेल्या विदूषकाची ती कथा. हास्यचित्रांसाठी नावाजलेल्या सीमोरच्या वाट्याला हा विषय आला. त्याने चित्र पाठविले. १४ एप्रिलच्या पत्रात डिकन्सने खोलीतील सामानाच्या चित्रणाची स्तुती केली, पण स्त्री अधिक तरुण हवी, शेजारी बसलेला मनुष्य इतका दीनवाणा नको, असे कळवून चित्र पुन्हा काढण्याची विनंती केली. १७ एप्रिलच्या रविवारी दोघे भेटले. ही त्यांची एकमेव भेट. सीमोरने ते चित्र पुन्हा केले. २० एप्रिल रोजी त्याने आपले जीवन संपविले.

९.
येथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते. माणूस असे पाऊल का उचलतो, याचे एकच कारण सांगणारा इतिहास खोटा असतो. सीमोर आधीपासून मनाने खचलेला होता. दोन वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाच्या संपादकाशी त्याचा कडवट वाद झाला होता. एका चित्राने किंवा एका पत्राने त्याचा बळी घेतला असे म्हणणे अन्यायाचे होईल, डिकन्सवर आणि सीमोरवरही. मला केवळ पुढे काय झाले ते पाहायचे आहे.

१०.
पुढे काय झाले? दुसरा भाग वेळेवर निघाला. चारऐवजी तीन चित्रे होती. सीमोरच्या निधनाविषयी एक निवेदन छापले होते. तारीख चुकली नाही.

११.
आता या घटनेशेजारी दुसरी घटना ठेवू. ७ मे १८३७ रोजी डिकन्सची सतरा वर्षांची मेहुणी मेरी हॉगार्थ अकस्मात वारली. तो तिच्यावर अतिशय माया करीत असे. दुःखाने त्याला लिहिता येईना. त्या जूनमध्ये 'पिकविक'चा भाग निघालाच नाही, 'ऑलिव्हर ट्विस्ट'चाही नाही. एव्हाना 'पिकविक' हजारोंनी खपत होते. तरीही वाचक थांबले, प्रकाशक थांबले, छापखाना थांबला. आणि ते थांबले हे उत्तमच झाले.

१२.
लेखक शोकात असताना तारीख पुढे गेली. चित्रकाराचा मृत्यू झाला तेव्हा तारीख होती तिथेच राहिली. यात कुणाची दुष्टता नाही. लेखकावाचून भाग निघत नाही, चित्रकारावाचून एक चित्र कमी छापून निघतो, असा व्यवहाराचा साधा हिशोब आहे. पण मुदत ही घड्याळाने ठरणारी गोष्ट आहे असे आपण समजतो, ते या दोन घटना पाहिल्यावर टिकत नाही. कुणासाठी थांबायचे आणि कुणासाठी नाही, हे माणसे ठरवितात. त्या ठरविण्यात श्रमांची एक उतरंड दडलेली असते.

१३.
सीमोरनंतर रॉबर्ट विल्यम बस यांना बोलावणे गेले. ते चित्रकार होते, पण एचिंग त्यांना अवगत नव्हते. मुदत शिकण्यास अवकाश देणारी नव्हती. त्यांनी पत्रे दुसऱ्या कारागिराकडून करवून घेतले. चित्रांतील जिवंतपणा हरपला. तिसऱ्या भागातील दोन चित्रांनंतर त्यांना दूर करण्यात आले आणि पुढच्या आवृत्त्यांतून ती चित्रेही वगळली गेली. याच बस यांनी आयुष्याच्या अखेरीस एक चित्र आरंभिले: खुर्चीत डोळे मिटून बसलेला डिकन्स आणि त्याच्याभोवती तरंगणारी त्याची पात्रे. १८७५ मध्ये बस वारले तेव्हा ते अपुरेच होते. डिकन्सवरील पुस्तकांत आज ते चित्र वारंवार दिसते. ज्याला दोन चित्रांनंतर काम गमवावे लागले, त्याने कटुता न बाळगता वाहिलेली ती मानवंदना आहे.

१४.
बस यांच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांत विल्यम थॅकरे नावाचा एक तरुणही होता. त्याला नकार मिळाला आणि पुढे तो कादंबरीकार झाला. निवड झाली हॅब्लट नाइट ब्राउन या अवघ्या वीस वर्षांच्या मुलाची. त्याने आरंभीच्या चित्रांवर 'नीमो' अशी सही केली. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'कुणीही नाही'. पुढे 'बॉझ'शी जुळावे म्हणून त्याने 'फिझ' हे नाव घेतले. तेवीस वर्षे तो त्याच नावाने डिकन्सची चित्रे काढीत राहिला.

१५.
फिझचे काम कसे चाले? डिकन्सच्या मोठ्या कादंबऱ्या मासिक भागांत निघत. दरमहा साधारणपणे दोन चित्रे. पत्रे करायला आणि छापायला वेळ लागत असल्यामुळे प्रकरण पूर्ण होण्याआधीच चित्राचा विषय ठरवावा लागे. कधी डिकन्स पत्रातून प्रसंग सांगे, कधी हस्तलिखिताचा अंश दाखवी. खप वाढला तसे पत्रे झिजू लागले, म्हणून एकच चित्र दोन पत्र्यांवर कोरावे लागे. दोन प्रतींतील बारीक फरक शोधणे हा आज संग्राहकांचा छंद आहे. फिझसाठी ते दुप्पट काम होते, त्याच तारखेच्या आत. रॉबर्ट यंग हा त्याचा जुना सहकारी आम्लाचे काम सांभाळी. त्याचे नाव तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक आहे.

१६.
'डाँबी अँड सन' लिहिताना १८४६ मध्ये डिकन्स बराच काळ इंग्लंडबाहेर होता. सूचना टपालाने येत. लहानगा पॉल आणि कठोर मिसेस पिपचिन शेकोटीपाशी बसलेले आहेत, या चित्राने डिकन्स फार व्यथित झाला. खुर्ची, बाईंची बैठक, मुलाची जागा, काहीच त्याच्या शब्दांप्रमाणे नव्हते, असे त्याने मित्राला लिहिले. त्याची तक्रार रास्त होती. पण संपूर्ण मजकूर हाती नसताना, समुद्रापलीकडून आलेल्या सूचनेवर, परत विचारण्यास वेळ नसताना काढलेल्या चित्राकडून आपण शब्दशः निष्ठेची अपेक्षा किती करावी, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे.

१७.
मुदतीखालचे काम म्हणजे निकृष्ट काम, असा समज करून घेऊ नये. 'ब्लीक हाउस' (१८५२–५३) साठी फिझने 'काळे पत्रे' म्हणून ओळखली जाणारी चित्रे केली. यंत्राने पत्र्यावर आधी बारीक समांतर रेषांची करडी पार्श्वभूमी तयार करायची आणि तिच्यातून प्रकाश व अंधार काढायचा, अशी ती रीत. 'टॉम ऑल अलोन्स' या पडक्या वस्तीच्या चित्रात आधाराला लाकडे लावलेली घरे आहेत, गल्ली आहे, आणि एकही मनुष्य नाही. दरमहाच्या घाईत काम करणाऱ्या माणसाने रिकाम्या गल्लीवर विश्वास ठेवला. माणसांनी गजबजलेले चित्र हे ज्याचे बलस्थान, त्याने इथे माणसेच काढली नाहीत. असा निर्णय केवळ आज्ञापालनातून येत नाही. तो वाचनातून येतो.

१८.
माझ्या मताचा गाभा इथे आहे. कथेचा चित्रकार हा तिचा पहिला वाचक असतो. संपादक कथा निवडण्यासाठी वाचतो, मुद्रितशोधक चुका शोधण्यासाठी. चित्रकाराला मात्र हे पात्र कसे उभे राहत असेल, खिडकी कोणत्या बाजूला असेल, दिवा लागला असेल की नाही, हे ठरवावे लागते. लेखकाने मोघम सोडलेली प्रत्येक जागा त्याला भरावी लागते. म्हणून कथाचित्र हा त्या कथेच्या पहिल्या वाचनाचा पुरावा आहे, आणि इतिहासकाराने तो तसाच हाताळला पाहिजे.

१९.
हा पुरावा जपण्याची निकड फिझच्याच उदाहरणातून कळते. १८६० मध्ये डिकन्सने आपल्याकडे आलेल्या पत्रांची होळी केली. त्यात चित्रकारांची बाजूही राख झाली. डिकन्सने पाठविलेल्या सूचना आपल्याला बऱ्याच ठिकाणी वाचता येतात. त्यांवर दिलेली उत्तरे फारशी वाचता येत नाहीत. शिल्लक आहेत ती चित्रे. 'अ टेल ऑफ टू सिटीज' (१८५९) नंतर डिकन्सने फिझला काम दिले नाही. 'अवर म्युच्युअल फ्रेंड'ची चित्रे मार्कस स्टोन या तरुणाकडे गेली. १८६७ मध्ये पक्षाघाताने फिझचे शरीर दुबळे झाले, तरी तो काम करीत राहिला. १८७८ मध्ये रॉयल अकॅडमीने त्याला वार्षिक मानधन दिले आणि १८८२ मध्ये तो वारला.

२०.
आता आपल्याकडे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक वार्षिक मुदत जन्माला आली. मासिकाचा अंक आठवडाभर उशिरा निघाला तर वाचक कुरकुरतो. दिवाळी अंक दिवाळीनंतर निघाला तर त्याला कोण विचारणार? गणपती उठले की संपादकांचे दूरध्वनी सुरू होतात, नवरात्रात लेखक 'उद्या नक्की' म्हणतात, आणि कोजागरीच्या सुमारास चित्रकाराचा दिवा पहाटेपर्यंत जळत असतो.

२१.
या परंपरेत एक विलक्षण गोष्ट घडली. सीमोरला जे लाभले नाही, ते मराठीत दीनानाथ दलाल यांनी मिळविले. १९१६ मध्ये मडगाव येथे जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५ मध्ये स्वतःचे 'दीपावली' सुरू केले. चित्रकार स्वतः संपादक झाला. लेखक त्याच्या अंकासाठी लिहू लागले. तारीख कुणासाठी हलवायची आणि कुणासाठी नाही, हे ठरविण्याचा अधिकार एकदा तरी कुंचला धरणाऱ्या हाताकडे आला. १९७१ मध्ये दलाल गेले. 'दीपावली'चे जुने अंक चाळताना चित्राला मिळालेली पानावरची ऐसपैस जागा डोळ्यांत भरते, त्याचे कारण मला या अधिकारात दिसते.

२२.
रघुवीर मुळगावकरांचे नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढे नेता येणार नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्यांनी वाचल्या, त्यांना कथानक कदाचित आठवणार नाही, पण मुळगावकरांची मुखपृष्ठे आठवतात. वसंत सरवटे यांच्या रेषांवाचून पु. ल. देशपांड्यांची पुस्तके डोळ्यांसमोर आणून पाहा. माझ्या आजोबांना ते जमत नाही. पात्रे पुलंची, पण आजोबांच्या स्मरणात ती सरवट्यांच्या रेषेत उभी आहेत. मात्र दलाल, मुळगावकर, सरवटे ही शिखरे झाली. त्यांच्या काळात आणि नंतरही शेकडो कथांची चित्रे ज्यांनी केली, त्यांची नावे कुठे आहेत?

२३.
शोधनिबंधासाठी जुन्या नियतकालिकांच्या सूची चाळताना मला हे जाणवले. मी वापरलेल्या सूचींत कथेचे शीर्षक होते, लेखक होता, पृष्ठक्रमांक होता. चित्रकारासाठी रकानाच नव्हता. अंकातच पाहावे, तर आरंभीच्या पानावर 'सजावट' या शब्दापुढे चार-पाच नावे एकत्र दिलेली. कोणते चित्र कुणाचे, हे चित्राच्या कोपऱ्यातील सहीवरून ओळखायचे, आणि छपाईत कोपरा कापला गेला असेल तर तेही नाही. 'सजावट' या शब्दाचाही विचार व्हावा. तोरण काढले तरी घर उभे राहते. 'पिकविक'मधून तो गोल चष्मेवाला काढून टाका आणि काय उरते ते पाहा.

२४.
पुन्हा माझ्या कथेकडे येते. ती एकोणिसाव्या शतकातील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुलाची आणि त्याच्या आजीची कथा होती. अर्धीच कथा हाती असताना मैत्रिणीचा रात्री साडेअकराला फोन आला. "अगं, दारात बसलेल्या आजीच्या हातात काय आहे?" मला सांगता येईना. मी तो विचारच केला नव्हता. "काहीही काढ गं," मी म्हटले. ती म्हणाली, "काहीही कसं काढू? ती दिवसभर वाट बघतेय ना त्याची. रिकाम्या हातांनी बसेल का ती?"

२५.
त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. पहाटे मी आजीच्या हाती नातवाची फाटकी बंडी दिली, सुई दिली, आणि शेवट बदलला. शाईचे डाग पडलेली ती बंडी पुढे कथेचा कणा झाली. अंक आल्यावर चारपाच वाचकांनी तिच्याचविषयी लिहिले. माझे नाव शीर्षकाखाली ठळक होते. मैत्रिणीचे नाव 'सजावट'मधल्या पाच नावांत तिसरे होते. तिने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, "अजून एक रात्र मिळाली असती तर तिचे डोळे नीट केले असते गं." आता ते चित्र पाहिले की माझे लक्ष डोळ्यांकडेच जाते. तिची ती एक रात्र मी घेतली होती.

२६.
एक आक्षेप येईल, तो आधीच विचारात घेते. मुदत तर सर्वांनाच असते, आणि मुदतीवाचून कोणतेही काम पुरे होत नाही. मान्य. डिकन्सही तिच्याखालीच लिहीत होता आणि तिनेच त्याच्याकडून उत्तम लिहवून घेतले. पण त्या तारखेपर्यंतचे दिवस वाटले कसे जातात, याविषयी माझे म्हणणे आहे. उत्पादनाच्या साखळीत जो शेवटी उभा असतो, त्याच्या वेळेतून आधीच्या सर्वांचा उशीर वजा होतो. लेखक शेवटी उभा नसतो, म्हणून त्याला ते कळत नाही.

२७.
दुसरा आक्षेप आजचा आहे. चित्रकाराला इतका त्रास द्यायचाच कशाला? संगणकाला दोन ओळींचे वर्णन दिले की क्षणार्धात चित्र तयार. मुदतीचा प्रश्नच मिटला. खरे आहे, मिटला. मात्र रात्री साडेअकराला 'आजीच्या हातात काय आहे' असा फोनही आला नसता. यंत्राने तिच्या हातात काहीतरी दिले असते, बहुधा छानच दिले असते, आणि माझी कथा होती तशी अपुरी राहिली असती. ती अपुरी आहे, हे मला कधी कळलेही नसते.

२८.
म्हणून तीन साध्या मागण्या. पहिली, चित्रकाराचे नाव त्या त्या कथेच्या शीर्षकाखाली, लेखकाच्या नावाशेजारी छापावे. दुसरी, लेखकाला मुदतवाढ देताना चित्रकाराचे दिवस किती उरतात, हे संपादकांनी त्याच पत्रात लेखकाला कळवावे. आकडा समोर आला असता तर मी दुसरी मुदतवाढ मागितली नसती, असे मला वाटते. तिसरी, नियतकालिकांच्या सूची करणाऱ्यांनी चित्रकारासाठी एक रकाना ठेवावा. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही.

२९.
१८६६ मध्ये सीमोरच्या कुटुंबाने श्रेयाचा दावा मांडला, तेव्हा डिकन्सने एका नियतकालिकाला पत्र लिहून तो ठामपणे नाकारला. तीस वर्षांनंतरही तो वाद विझला नव्हता. सीमोरने कथा रचली नव्हती, हे डिकन्सचे म्हणणे बरोबर होते. पण पिकविकचा चेहरा त्याच्या हातून उतरला होता, हेही खरे होते. आरंभीच दोन्ही गोष्टी एका पानावर, एका आकाराच्या अक्षरांत छापल्या असत्या, तर ती पत्रापत्री कदाचित टळली असती.

३०.
घरातल्या माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर एक खाली काढा. आवडत्या कथेचे चित्र पाहा, कोपऱ्यातील सही शोधा, आणि वाचता आली तर ती इथे खाली लिहा: अंकाचे नाव, वर्ष, कथा, चित्रकार. मी त्यांची सूची करायला घेतली आहे. यंदा मला पुन्हा एका अंकासाठी कथा लिहायची आहे आणि चित्रे त्याच मैत्रिणीकडे आहेत. मसुदा तिच्याकडे गेल्या आठवड्यातच गेला. काल तिचा फोन आला होता. या खेपेस ती विचारीत होती की अंगणातले झाड नेमके कोणते आहे.